पिशवीवर कोंबाची लांबीही लिहा

प्रति,
गव्हाचे नवे वाण घडवणारे शास्त्रज्ञ आणि त्या वाणांना मान्यता देणाऱ्या समितीचे सर्व सदस्य

सुदामानगर, इंदूर
होळीनंतरचा सोमवार

सविनय नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सांवेरच्या आमच्या शेतात पाच बिघे कठिया गहू पेरला आणि त्यातला निम्म्याहून जास्त वर आलाच नाही. बियाणं कुजलं नव्हतं, किडीनं खाल्लं नव्हतं, मुंग्यांनी नेलं नव्हतं. ते उगवलं होतं. जमिनीच्या आत उगवलं आणि तिथंच राहिलं. हे पत्र त्या गव्हाबद्दल आहे.

आधी माझी ओळख सांगते, म्हणजे तक्रार कुणाची ते कळेल. मी इथल्या एका महाविद्यालयात बत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाले. सासऱ्यांच्या आजोबांनी होळकर दरबारात कारकुनी केली, त्या काळातली अकरा बिघे जमीन अजून घरात आहे. सहा बिघे विहिरीखाली, पाच आभाळाच्या भरवशावर. शेती धाकटे दीर बघतात. मी महिन्यातून दोनदा जाऊन सूचना करते आणि त्या फारशा कुणी ऐकत नाही.

कोरडवाहू पाच बिघ्यांत सोयाबीन निघालं की काळ्या जमिनीत उरलेल्या ओलीवर कठिया पेरायचा, ही माळव्याची जुनी रीत. कठिया म्हणजे महाराष्ट्रात बन्सी म्हणतात तो, तुमच्या भाषेत दुरुम. बाफले आणि लाडू त्याचेच. त्या वर्षी पाऊस लवकर गेला. वरची माती भाजून निघाली होती आणि ओल लागली ती थेट पाच बोटं खाली. आमचं शेत पेरणाऱ्या भेरूनं सीड ड्रिल तेवढं खोल उतरवलं. त्याचे वडील आणि आजोबा तिफणीनं तेवढंच खोल पेरायचे, त्याला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. मलाही नाही.

बारा दिवसांनी शेतात गेलो तर रांगा तुटक. भेरूनं खुरप्यानं माती बाजूला केली. दाणा फुटलेला, मुळं छान उतरलेली. पांढरा कोंब तीन बोटं वर चढून थांबलेला, आणि त्याच्या टोकातून बाहेर पडलेलं पहिलं पान मातीतच चुण्या पडून पिवळं झालेलं, शाळेतल्या पोरीच्या वेणीची रिबीन दप्तरात चुरगळावी तसं. भेरू म्हणाला, "भाबीसा, कोंपल तो फूटी, पण बारे नी आई." बांधाच्या कडेला त्यानं घरच्या कणगीतला जुना उंच कठिया मूठभर टाकला होता. तोही तेवढ्याच खोलीवर. तो सगळा वर आला होता.

दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, इतना गहरा कौन बोता है?" मला राग आला, पण घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की माणूस खोटं बोलत नव्हता. पिशवीही खोटं बोलत नव्हती. पिशवीवर उगवण किमान ८५ टक्के लिहिलेली होती आणि तेवढी ती झालीही असेल. तुमच्या प्रयोगशाळेत उगवण मोजतात ती ओल्या कागदावर. कागदाच्या वर माती नसते. दाण्यातून कोंब फुटला की तुमच्या वहीत तो पास. शेतात पास होण्यासाठी त्याला अजून पाच बोटं चढायची असतात, आणि ती तो चढेल की नाही हे त्याच्या जनुकांत लिहिलेलं असतं. तुम्हाला ते ठाऊक असतं. आम्हाला नसतं. माहितीपत्रकात पिकाचे दिवस होते, तांबेऱ्याला प्रतिकार होता, हेक्टरी क्विंटल होते, रोपाची उंचीसुद्धा सेंटिमीटरमध्ये होती. ती उंची कशाच्या जोरावर कमी केली आहे, हे नव्हतं. माझं मागणं एवढंच आहे की ते लिहा.

गहू बुटका करण्याचा रस्ता एकच असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. आपण सगळे ज्या रस्त्यानं आलो तो जपानमधून निघतो. तिथल्या दारुमा नावाच्या ठेंगण्या गव्हापासून संकर होत होत १९३५ मध्ये नोरिन-१० तयार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अमेरिकेत गेला, ऑर्विल व्होगेल यांनी तो तिथल्या गव्हाशी जुळवला, मग मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती लागला आणि तिथून साठच्या दशकात सोनोरा-६४ आणि लेर्मा रोहो-६४ होऊन आपल्याकडे आला. १९६६ मध्ये अठरा हजार टन बियाणं जहाजांनी आलं. खत दिलं की उंच गहू लोळायचा, हा ताठ उभा राहायचा, आणि काडात जाणारं अन्न दाण्यात यायचं. त्या गव्हानं देश जेवला. मी त्या वर्षांत रेशनच्या रांगेत आईचा पदर धरून उभी राहिलेली मुलगी आहे, मला कुणी त्याचं महत्त्व सांगू नये.

पण तो बुटका कसा झाला, हे १९९९ मध्ये कळलं. नोरिन-१० मधून आलेली दोन जनुकं, ४बी गुणसूत्रावरचं आरएचटी-बी१ आणि ४डी वरचं आरएचटी-डी१. दोन्ही डेला नावाचं प्रथिन बनवतात. हे प्रथिन म्हणजे वाढीला बांधलेला कासरा. रोपात जिबरेलिन हे संप्रेरक आलं की कासरा सैल होतो आणि पेरं लांब होतं. बुटक्या गव्हात या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे प्रथिनाचा ज्या टोकाला जिबरेलिनचा निरोप पोचतो तेवढाच भाग बिघडतो. निरोप येतो, कासरा सुटत नाही. खोड आखूड राहतं.

आणि खोडाबरोबर कोंबाची टोपीही. कोलिओप्टाइल म्हणतो आपण तिला, पहिल्या पानाला मातीतून सुखरूप वर नेणारं म्यान. कासरा सगळ्या रोपाला बांधलेला, मग तो तिला कसा वगळेल? या जातींत ती साधारण सहा ते आठ सेंटिमीटरवर थांबते, जुन्या उंच गव्हांत दहा-बारापर्यंत जाते. त्यातून माती जितकी गरम तितकी टोपी आणखी आखूड. आमच्या पेरणीच्या वेळी, ऑक्टोबरच्या अखेरीला, कोरडवाहू काळी माती दुपारी किती तापते हे अनवाणी चालून बघा. म्हणजे ओल खोल जाते त्याच दिवसांत कोंब आखडतो. दुरुममध्ये तर डी गुणसूत्रांचा संचच नाही, त्यामुळे नोरिनच्या वाटेनं आलेला बुटका दुरुम म्हणजे आरएचटी-बी१. आमच्या पाच बिघ्यांत जे झालं ते यात सगळं आलं.

आता दुसरे रस्ते. इटलीत नाझारेनो स्ट्राम्पेली यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच अकाकोमुगी या जपानी गव्हातून आरएचटी-८ घेतलं होतं. ते उंची थोडी कमी करतं, टोपीला हात लावत नाही. पण ते २डी वर आहे, म्हणजे पोळीच्या गव्हाला चालेल, कठियाला थेट नाही. कठियाच्या घरातलीच आहेत आरएचटी-१४ आणि आरएचटी-१८, दोन्ही ६ए गुणसूत्रावर. आरएचटी-१८ ची गंमत अशी की ते कासऱ्याला हातच लावत नाही. जिबरेलिन तयार होण्याआधीच त्याचा कच्चा माल मोडणारं विकर वाढवतं. खोडात संप्रेरक कमी पडतं म्हणून खोड आखूड, पण कोंब मात्र लांबच राहतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या मंडळींनी ही दोन जनुकं दुरुममध्ये नेमकी कुठं आहेत ते शोधून ती निवडायच्या खुणा तयार केल्या. उत्तरेकडे भाताच्या काडाखालून गहू वर यावा, काड जाळावं लागू नये, हाही त्यामागचा विचार. ऑस्ट्रेलियात तर कोरड्या रानात ओल गाठायला खोल पेरायचं, म्हणून लांब टोपीच्या गव्हावर वर्षानुवर्षं काम चाललं आहे. म्हणजे मी काही आकाशातलं मागत नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, आता बहुतेक गहू ओलिताखाली, लोक पाच सेंटिमीटरवर पेरतात, पहिलं पाणी एकविसाव्या दिवशी मुकुटमुळं फुटताना देतात, तिथं आरएचटी-बी१ ला काय धाड भरली आहे? काही नाही. आमच्या विहिरीखालच्या सहा बिघ्यांत तोच गहू पेरतो आणि छान येतो. तो गहू वाईट आहे असं मी कुठंच म्हणत नाही. म्हणणं असं की एकच पिशवी दोन्ही रानांत विकली जाते आणि फरक कळायचा मार्ग विकत घेणाऱ्याकडे नाही.

त्या वर्षी मी काय केलं ते सांगते. घरी टिपकागद ओले केले, एका गुंडाळीत नवीन पिशवीतले वीस दाणे, दुसरीत भेरूच्या कणगीतले वीस. दोन्ही गुंडाळ्या पाण्याच्या पेल्यात उभ्या करून पेला कपड्यांच्या लोखंडी कपाटात, अंधारात. दहा दिवस. नातवाला वाटलं आजी कपाटात मोड काढते आहे, तो उसळीची वाट बघत होता. दहाव्या दिवशी शाळेच्या फूटपट्टीनं मोजलं. नवीन गहू सरासरी साडेसहा सेंटिमीटर, जुना अकराच्या वर. खर्च शून्य. उगवण तपासायला जो कागद तुम्ही वापरता तोच कागद, फक्त अंधार आणि आणखी काही दिवस. ही मोजणी करून छापायला तुम्हाला कोणत्या अर्थसंकल्पाची अडचण आहे?

आता ओंबीकडे येते, कारण घरात भांडण झालं ते ओंबीवरून. कोंबाचं दुःख भावजी विसरले होते. गेल्या वर्षी त्यांच्या मोबाइलवर एक फोटो आला. गव्हाची ओंबी, पण तिला खालून फांद्या फुटलेल्या, हाताच्या बोटांसारख्या. खाली लिहिलं होतं चमत्कारी गहू, आणि किलोचा असा भाव की त्यात आमचं महिन्याचं किराणा येतं. "वहिनी, एका ओंबीत चार ओंब्या. पाच बिघ्यांत वीस बिघ्यांचं पीक." मी म्हटलं, भावजी, पैसे काढण्याआधी एक दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी लोकवन गव्हाची एक ओंबी घेऊन बसलो. भिंग माझं जुनंच. मधला कणा नागमोडी, प्रत्येक वळणावर एकेक कणिशक, म्हणजे दाण्यांचा छोटा झुबका, एक डावीकडे, एक उजवीकडे, वेणी घातल्यासारखी. सगळी कणिशकं चपटी बाजू कण्याला लावून बसलेली. फक्त अगदी टोकाचं कणिशक काटकोनात फिरलेलं. तुम्ही हे रोज बघत असाल. शेतकऱ्यांनी आयुष्यभर गहू कापला तरी ते त्यांच्या नजरेस पडत नाही, भावजींच्याही पडलं नव्हतं. ते आडवं कणिशक म्हणजे ओंबीचं कुलूप. ते तयार झालं की कणिशकांची संख्या कायमची ठरली. आणि हे होतं कधी? पोटरीत आल्यावर नाही. पेरून महिना-सव्वा महिना झालेला असतो, रोप वीतभर, बांधावरून बघणाऱ्याला नुसती हिरवळ. त्या वेळी जमिनीलगत, पानांच्या गुंडाळीच्या पोटात, तांदळाच्या कणीएवढी ओंबी पूर्ण मोजदाद करून बसलेली असते. मुलांकडून ब्लेडनं ती चिरून घ्यायचे तेव्हा वर्गात दर वर्षी दोघे-तिघे तरी "अय्या" म्हणायचे. एवढ्यासाठी मी शिकवत राहिले असं म्हटलं तरी चालेल.

कुलूप किती उशिरा लागतं त्यावर कणिशकं किती हे ठरतं. दिवस-रात्रीची लांबी ओळखणारी पीपीडी जनुकं त्यात आहेत. मेक्सिकन गव्हांनी दिवसाच्या लांबीची पर्वा सोडली, म्हणून ते आपल्या आखूड हिवाळ्यात वेळेवर निसवले. पण लवकर निसवणं म्हणजे ओंबीला कमी वेळ. ७ए वरचं वापो-१ कणिशकांची संख्या वाढवू शकतं, हे २०१९ मध्ये स्पष्ट झालं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की व्हीआरएन-१ आणि त्याची दोन भावंडं मिळून फुलोऱ्याचा हुकूम देतात. तिन्ही मोडली तर कणिशकाच्या जागी पानांचे फुटवे फुटतात. मला ही बातमी फार आवडली. फुटवा आणि कणिशक मुळात एकाच कोंबाची दोन नशिबं. शेतकऱ्याला फुटवे हवे असतात आणि मोठी ओंबीही. रोपाच्या पोटात मात्र हिशेब एकाच थैलीतून होतो.

कणिशकाच्या आत पुन्हा तोच हिशेब. एकेका कणिशकात आठ-दहा फुलांची सुरुवात होते, कधी बारांची. धरतात तीन-चार. बाकीची निसवायच्या आधीच सुकतात. २ए वरचं जीएनआय हे जनुक वरच्या फुलांना आवरतं. त्याचं कमजोर रूप असलेल्या गव्हात जास्त फुलं धरतात. आणि फांद्यांचं म्हणाल तर तेही २ए वरच, एफझेडपी नावाचं. त्याचं काम कणिशकाला सांगणं, आता फांद्या पुरे, फुलं धर. ते बिघडलं की कणिशकाऐवजी फांदी येते. भावजींच्या मोबाइलवर दिसत होता तो हा बिघाड, आणि तो जुना आहे. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी असाच गहू चमत्कारी म्हणून चढ्या भावानं विकला गेला होता. त्याच्या जनुकातला दोष नेमका कुठं, ते २०१५ मध्ये शोधलं गेलं.

भावजींनी तरीही एका ओळखीच्याकडून पाच ओंब्या मागवल्या. आम्ही त्या चोळून दाणे काढले. दाणे खरंच जास्त होते. तळहातावर घेतल्यावर भावजी गप्प झाले. निम्मे दाणे सुरकुतलेले, जिऱ्यासारखे. फांद्या वाढल्या म्हणून ओंबीखालचं निशाणाचं पान मोठं होत नाही, मुळं खोल जात नाहीत. त्यातून आमचा मार्च. होळीच्या आसपास ऊन चढतं आणि दाणा भरायचे दिवस कमी होतात. ज्या ओंबीत जास्त तोंडं, तिथं उपासमार आधी. शिवाय या गव्हाला फुटवेही कमी येतात. पैसे वाचले. भावजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण पैसे वाचले.

हे भांडण घराघरांत होतं आणि तुम्ही शांत असता. तुमच्या वाणाच्या पत्रकात ओंबीबद्दल एक ओळ नसते, म्हणून मोबाइलवरचा फोटो जिंकतो. कणिशकं सरासरी किती, ओंबीत दाणे किती, हजार दाण्यांचं वजन किती, कोरडवाहू रानात ओंबी धरणारे फुटवे किती. चार आकडे शेजारी शेजारी छापले तर शेतकरी स्वतः गुणाकार करेल. इंदूरच्या छावणी मंडीत काट्यापाशी उभा राहणारा माणूस गुणाकारात तुम्हाला-मला ऐकणार नाही. फुटव्यांचा आकडा कोरडवाहूला जास्त मोलाचा. १ए वरचं टिन हे जनुक फुटवे आवरून ओंबी मोठी ठेवतं. ज्या रानात ओल मोजकी, तिथं वांझ फुटव्यांवर पाणी वाया जाऊ नये, या विचारानं ऑस्ट्रेलियात ते तपासलं गेलं. आमच्या पाच बिघ्यांना ते बरं की वाईट, मला आज सांगता येत नाही, कारण कोणत्या वाणात ते आहे हे कुठं लिहिलेलंच नाही.

एक गोष्ट अभिमानाचीही सांगते, नाहीतर सगळी तक्रारच होईल. गव्हाचा जनुकसंच जगानं वाटून घेऊन वाचला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. एक लाखाहून जास्त जनुकं, एकवीस गुणसूत्रं, माणसाच्या पाचपट मजकूर. त्यातलं २ए हे गुणसूत्र भारतानं वाचलं, लुधियाना आणि दिल्लीच्या संस्थांनी. म्हणजे ज्या गुणसूत्रावर ओंबीची फांदी, फुलांची संख्या आणि दिवसाची लांबी ओळखणारं एक जनुक, अशी तिन्ही बसली आहेत, ते आपल्याच लोकांनी उलगडलं. २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. त्यातल्या एकात लोंबीतले दाणे वाढवण्यासाठीच जनुक दुरुस्त केलं आहे. उद्या गव्हाच्या ओंबीकडेही नजर वळणार. वळू द्या, मी त्या गोष्टीला घाबरणाऱ्यांतली नाही. पण एका अक्षराची दुरुस्ती करता येते इतकी बारीक ओळख तुम्हाला रोपाची झाली, आणि पिशवीवर अजून "उंची ८५-९०" एवढंच?

खपलीचंच बघा. माझी आजी खपली उखळात कांडायची, कारण तिचा दाणा टरफलातून सुटत नाही. आपल्या गव्हाचा मळणीत सुटतो, तो बऱ्याच अंशी ५ए वरच्या क्यू जनुकातल्या एका अक्षराच्या फरकामुळे. ओंबीचा आकारही त्यानंच बदलला. आज दुकानात खपलीच्या पुड्यावर तंतू, साखर, पचन, ऋषिमुनी, सगळं छापलेलं असतं. पीठ घेणाऱ्या गिऱ्हाइकाला एवढी माहिती आणि बियाणं घेणाऱ्याला?

तुम्ही ऐकत नाही असं मी म्हणणार नाही. लेर्मा रोहो आला तेव्हा त्याचा दाणा लाल होता. लोकांनी पोळी केली आणि नाक मुरडलं. तेव्हा तुमच्या आधीच्या पिढीनं मेक्सिकोहून आलेल्या साठ्यातून पिवळसर दाण्याची निवड केली, कल्याणसोना आणि सोनालिका दिले. स्वामिनाथन यांच्या मंडळींनी सोनोरा-६४ वर किरणांचा मारा करून शरबती सोनोरा काढला. भुकेच्या दिवसांतसुद्धा पोळीच्या रंगाची तक्रार तुम्ही मनावर घेतलीत. मग पेरणाऱ्याची तक्रार का ऐकू येऊ नये? कदाचित पोळी दिल्लीतही लाटतात, आणि पाच बोटं खोल ओल फक्त इथं शोधतात, म्हणून असेल.

इंदूरला या बाबतीत थोडा हक्क गाजवायचा अधिकार आहे. बिहारमधल्या पुसाचे गहू घडवणारे हॉवर्ड दांपत्य १९२४ मध्ये इथं आलं आणि होळकरांनी दिलेल्या जमिनीवर संस्था उभी केली. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं गव्हाचं केंद्र इथं १९५१ पासून आहे. पूर्णा, पोषण, तेजस ही नावं मंडीतल्या हमालाच्या तोंडी आहेत ती इथल्या कामामुळे. या वाणांच्या क्रमांकाआधी येणाऱ्या एचआय या अक्षरांतला आय म्हणजे आमचं इंदूर. आमच्याच गावाच्या नावाचा वाण आमच्याच कोरड्या रानात किती खोलीवरून वर येईल, हे विचारायला मला लाज वाटू नये.

तर मागणं नीट सांगते. मान्यतेसाठी वाण येतो तेव्हा त्याच्या अर्जात बुटकेपणाचं जनुक कोणतं ते नोंदवायला लावा आणि पत्रकात सोप्या भाषेत छापा. "हा वाण दोन-अडीच बोटांपेक्षा खोल पेरू नये" किंवा "चार-पाच बोटांवरूनही येतो", एवढं वाक्य पुरे. आरएचटी वगैरे शास्त्रज्ञांसाठी कंसात टाका. कोंबाची लांबी गार आणि गरम, दोन्ही तापमानांत मोजा, कारण आमची पेरणी गरम मातीत होते. ओंबीचे आणि फुटव्यांचे आकडे ओलीत आणि कोरडवाहू वेगळे द्या. आणि भुशाचा आकडा विसरू नका. एकूण पिकात दाण्याचा वाटा किती, हे तुम्ही हार्वेस्ट इंडेक्स म्हणून मोजताच, त्यातून काडही कळतं. ते दडवून कशाला ठेवायचं? आमच्याकडे दोन म्हशी आहेत. बुटका गहू हार्वेस्टरनं कापला की खाली उरते ती नरवाई, म्हणजे नुसते खुंट, आणि ती जाळण्यावरून गावात दर एप्रिलमध्ये तणातणी. ज्याच्या दावणीला जनावर आहे तो चार क्विंटल दाणा कमी आला तरी उंच गहू घेईल, ज्याच्याकडे नाही तो घेणार नाही. तो हिशेब त्याचा त्याला करू द्या. हे सगळं हिंदीत छापा, आमच्यासारख्यांना चालतं; नुसतं इंग्रजीत छापलं तर मात्र भेरूला मीच वाचून दाखवायची, आणि माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत.

आरएचटी-१४ किंवा १८ असलेला कठियाचा एखादा वाण तुमच्या प्रयोगांत पुढे आला असेल, तर आमचे कोरडवाहू पाच बिघे आहेत. त्यातले दोन मी या ऑक्टोबरमध्ये मोकळे ठेवायला सांगितले आहेत. भावजींनी आधी कुरकुर केली, मग म्हणाले, शेजारी भेरूचा जुना कठियाही पेरू, म्हणजे तुलना होईल. भेरूचं म्हणणं, सीड ड्रिल पाचच बोटं उतरवणार, कमी नाही. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास निघतं, त्याच्या आधी बियाणं पोचलं तर बरं.

आपली,
निवृत्त वनस्पतिशास्त्र अध्यापिका आणि पाच कोरडवाहू बिघ्यांची भागीदार